काड्या एकगठ्ठा घेऊ नका



गणपतीचा सराव जवळ आला की आपल्या बेळगावात गल्लोगल्ली पथकांच्या बैठका सुरू होतात. झब्बे, फेटे, ढोलाची पानं यांवर तासभर चर्चा होते. ताशाच्या काड्या आणि ढोलाची टिपरं मात्र शेवटच्या पाच मिनिटांत, "एकाच मापाच्या घ्या, स्वस्त पडतात" म्हणून उरकतात. मी कॉमर्सवाला, जन्म बँकेत गेला. एकगठ्ठा खरेदीचा फायदा मला कळतो. तरी या खरेदीला माझा विरोध आहे.

कारण सांगतो. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या सातवीतल्या एका मुलीचं मनगट सुजलं. तिच्या हातात दिलेली काडी कॉलेजच्या पोरांच्या मापाची, जाड आणि जड. डॉक्टरांनी वाजवणं बंद करायला सांगितलं. मिरवणुकीत ती झेंडा धरून चालली आणि लोक म्हणाले, "पोरींना ताशा झेपत नाही." झेपत नव्हती ती काडी, ताशा नव्हे.

माझा नातू ड्रमसेट शिकतो. त्या लोकांच्या काठ्यांवर चक्क माप छापलेलं असतं. ७ए बारीक, ५ए मध्यम, ५बी जाड, २बी त्याहून जाड. लाकूडही निवडतात : मेपल हलकं, ओक जड, हिकरी मधलं आणि धक्का जिरवणारं. एकाच वर्गातली मुलं वेगवेगळ्या काठ्या घेऊन बसतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. आपल्याकडे चपला मापाच्या घेतो, काडी का नको?

दुसरा मुद्दा सरावाचा. "सरावाला जड काडी घ्या, मग मिरवणुकीत हात हलका चालतो," असं पुष्कळ जण सांगतात. मनगट तयार करायला दहा मिनिटं ठीक आहे, तेही मोठ्यांना. पण काडी पानावर आपटून उसळते आणि त्या उसळीवरच हाताचा वेग बसतो. जड काडीची उसळी वेगळी, हलकीची वेगळी. ज्या काडीनं मिरवणुकीत वाजवायचं तिच्यावरच मुख्य सराव हवा. नवीन जोडी ऐन विसर्जनाच्या दिवशी काढणं म्हणजे नवा बूट घालून पायी पंढरपूरला निघणं. आपली मिरवणूक तासा-दोन तासांची नाही, रात्र उलटून जाते. तिथं जोर कामाला येत नाही, दम येतो.

निवडायची कशी? सपाट फरशीवर काडी लोळवा. डुगडुगली तर वाकडी आहे, ठेवून द्या. जोडीतल्या दोन्ही काड्या दगडावर वाजवून बघा, आवाज सारखा यायला हवा. घरच्या काट्यावर वजन करा. शेवटी दहा मिनिटं वाजवून बघा. मूठ आवळावी लागत असेल तर ती काडी त्या हाताची नव्हे. टिपराचंही तेच. आवाज वाढवायला जाड टिपरू घेतलं की पान लवकर जातं आणि खांदा त्याच्याही आधी.

"पथक एकसारखं दिसायला पाहिजे की ओ," असं कुणी म्हणेल. दिसायला झब्बा-फेटा आहे. काडी बघायला कुणी येत नाही, ठेका ऐकायला येतात.

खर्चाचं म्हणाल तर माझा हिशेब साधा आहे. सगळ्यांना एकच माप घेण्याऐवजी बारीक, मध्यम, जाड अशी तीन मापं मागवा. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला तिन्ही वाजवू द्या, मग ज्याची त्याला द्या, वर एक जादा जोडी कमरेला. फेट्यांचा एक रंग कमी केला तरी एवढे पैसे सुटतात.

यंदाच्या बैठकीत काड्यांचा विषय पहिला घ्या आणि निवडताना मुलांना, विशेषतः मुलींना, समोर बसवा. तुमच्या पथकात काय करतात तेही खाली जरूर लिहा. गणपती बाप्पा मोरया!