रिपोर्टमध्ये ‘ड्रुसेन’ लिहिले आहे, आता काय?

“डॉक्टर, मोतीबिंदू दाखवायला गेले, तर पडद्यावर कचरा साचलाय म्हणाले. माझी नजर जाणार का हो?” पासष्टीच्या काकूंनी ओसीटीचा रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. सोबत मुलाने आणलेली ‘डोळ्यांच्या व्हिटॅमिन’ची बाटलीही होती.

ड्रुसेन म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली, रेटिनाखाली, वयाबरोबर साचणारे चरबी व प्रथिनांचे पिवळसर कण. पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे मॅक्युलात, ते मोठे असतील तर वाचण्याची आणि चेहरे ओळखण्याची नजर पुढे कमी होऊ शकते.

ओसीटी ही जणू प्रकाशाने केलेली सोनोग्राफी. इंजेक्शन नाही, दुखणे नाही. काही मिनिटांत पडद्याचे थर उभे कापल्यासारखे दिसतात. ठिपका केवढा आहे, पाणी साठले आहे का, हे कळते. तपासणी उत्तमच आहे. पण माझे स्पष्ट मत असे की, रिपोर्टमधल्या एका शब्दावरून घाबरू नये आणि औषधही सुरू करू नये.

ठिपक्यांचा आकार महत्त्वाचा. मिलीमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. ६३ मायक्रॉनपेक्षा लहान ठिपके बहुधा वयाचाच भाग असतात. १२५ मायक्रॉनपेक्षा मोठ्यांवर मात्र नियमित लक्ष हवे. म्हणून नेत्रतज्ज्ञांना दोनच प्रश्न विचारा: ठिपके केवढे आहेत? पाणी किंवा नव्या रक्तवाहिन्या दिसतात का?

आता गोळ्यांबद्दल. अमेरिकेतील ‘एरेड्स’ या मोठ्या अभ्यासात (२००१) ठरावीक जीवनसत्त्वे व झिंक घेतल्याने मध्यम टप्प्यातील रुग्णांचा आजार ५ वर्षांत गंभीर होण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला. सुरुवातीच्या टप्प्यात फायदा दिसला नाही. धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीन असलेल्या गोळ्या टाळाव्यात, कारण त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आणि विडी-सिगारेट सोडणे हा तर पडद्यासाठी कोणत्याही बाटलीपेक्षा मोलाचा उपाय.

सगळ्यांनीच ओसीटी करावी असेही नाही. पन्नाशीनंतर बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. गरज असेल तर नेत्रतज्ज्ञ ओसीटी सांगतीलच.

घरी एक सोपी सवय लावा. चष्मा लावून, एक-एक डोळा झाकून चौकटीच्या वहीचा कागद किंवा खिडकीचे गज पाहा. दोन्ही डोळे उघडे असले की एकाची उणीव दुसरा झाकतो. सरळ रेघा अचानक वाकड्या दिसल्या किंवा मध्ये डाग दिसला, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. नव्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपत असेल, तर वेळेत दिलेली इंजेक्शने नजर वाचवू शकतात. उशीर झाला की गेलेली नजर परत मिळणे कठीण.

काकूंचे ठिपके लहान निघाले. बाटली परत गेली. खिडकीचे गज मात्र त्या आता न चुकता पाहतात.