गाडी किती देते, आणि काय सोडते?

दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घ्यायची, म्हणून महिनाभर आधीपासून कुटुंबे शोरूमच्या फेऱ्या मारू लागतात. रंग, डिकी, मागच्या सीटवर आजींना बसता-उतरता येईल का, हे सारे पाहून झाले की घरातले कुणीतरी नेमका प्रश्न विचारते : ‘ॲव्हरेज किती देते?’ विक्रेता एक आकडा सांगतो आणि बहुतेक वेळा त्याच आकड्यावर दोन गाड्यांची तुलना मिटते. पुढे नोव्हेंबर उजाडतो, हवा जड होते आणि शहरांतल्या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात दमा आणि जुनाट खोकल्याच्या रुग्णांची रांग लांबते. शोरूममधला आकडा आणि ही रांग यांचा संबंध आहे, पण तो वाटतो तितका सरळ नाही. जास्त ॲव्हरेज देणारी गाडी हवाही कमी बिघडवते, असे नेहमीच घडत नाही.

आधी हा आकडा येतो कुठून, ते पाहू. पुण्यातील वेताळ टेकडीवरील ‘एआरएआय’ आणि तिच्यासारख्या मान्यताप्राप्त संस्थांत गाडीची चाचणी होते. गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या वेगांच्या क्रमाने चालवतात. ही चाचणी सुमारे २० मिनिटांची आणि साडेदहा किलोमीटरची. सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास, कमाल वेग ९०. एसी बंद. खड्डे, चढ, पावसातली कोंडी, मागे बसलेली चार माणसे यांतले काहीच तिथे नसते. त्यामुळे कागदावर २० असलेले ॲव्हरेज भरगर्दीच्या रस्त्यावर १३-१४ वर आले, तर गाडीत बिघाड आहे असे समजायचे कारण नाही. युरोपने याच धर्तीची जुनी चाचणी २०१७ पासून टप्प्याटप्प्याने मोडीत काढून अधिक लांब आणि अधिक वेगाची चाचणी आणली, ती याच तफावतीमुळे.

या चाचणीत इंधन किती गेले, हे टाकीत पट्टी घालून पाहत नाहीत. सायलेन्सरमधून बाहेर पडणारा वायू पिशव्यांत गोळा करतात, त्यातला कार्बन मोजतात आणि तेवढा कार्बन किती इंधनातून आला, ते गणिताने काढतात. म्हणजे ॲव्हरेजचा आकडा मुळात धुरातूनच येतो. मात्र त्या धुरातल्या कार्बनपुरतेच तो बोलतो. फुप्फुसाला जाळणाऱ्या घटकांबद्दल गप्प राहतो.

तुलना करताना पहिली चूक होते ती ‘किलोमीटर प्रतिलिटर’ या मापामुळे. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणाऱ्या दोन घरांचा विचार करा. एका घराने १० ॲव्हरेजची गाडी बदलून १२ची घेतली, दुसऱ्याने २०ची बदलून २५ची. पाचाची उडी मोठी वाटते. हिशेब मात्र उलटा आहे. पहिल्या घराचे पेट्रोल १,२०० लिटरवरून १,००० वर येते, म्हणजे २०० लिटर वाचतात. दुसऱ्याचे ६०० वरून ४८० वर येते, बचत १२० लिटर. या दृष्टिभ्रमाकडे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या लॅरिक आणि सोल या संशोधकांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लक्ष वेधले होते. म्हणून युरोपात वापरतात तसे ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ हे माप अधिक प्रामाणिक ठरते. त्याचा दुसरा अर्थ असा, की मोठ्या, कमी ॲव्हरेजच्या गाडीत केलेली छोटी सुधारणाही दुर्लक्ष करण्याजोगी नसते.

दुसरी चूक म्हणजे वेगवेगळ्या इंधनांचे आकडे शेजारी शेजारी ठेवणे. सीएनजी किलोवर विकला जातो, पेट्रोल लिटरवर. ‘२६’ आणि ‘२०’ ही एकाच मापाची संख्या नव्हे. तुलना करायची तर पैशांची करावी, म्हणजे दर किलोमीटरला किती रुपये. किंवा कार्बन डायऑक्साइडची करावी. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, डिझेलमधून सुमारे २.६५ किलो आणि एक किलो सीएनजीतून सुमारे २.७५ किलो. या आकड्याला ॲव्हरेजने भागले की झाले. १८ देणारी पेट्रोल गाडी किलोमीटरला १२८ ग्रॅम सोडते, १८च देणारी डिझेल गाडी १४७ ग्रॅम, तर किलोला २६ देणारी सीएनजी गाडी १०६ ग्रॅम. केंद्र सरकारच्या ‘कॅफे’ निकषांनुसार २०२२-२३ पासून कंपन्यांच्या विकलेल्या गाड्यांची सरासरी ११३ ग्रॅमच्या आसपास असावी लागते. जड गाड्या विकणाऱ्या कंपनीला मर्यादा थोडी सैल असते. २०२७ पासूनच्या पुढच्या टप्प्यात लहान गाड्यांना सवलत द्यावी की नाही, यावरून २०२५ मध्ये कंपन्यांतच जुंपली, ती या ग्रॅमांसाठी.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पेट्रोलमधील २० टक्के इथेनॉलवरून समाजमाध्यमांवर गदारोळ झाला. इथे अफवा आणि वस्तुस्थिती वेगळी करायला हवी. इथेनॉलच्या एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी पडते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेही जुन्या चारचाकींत सहा-सात टक्के, तर नव्या इंधनासाठी जुळवलेल्या गाड्यांत एक-दोन टक्के घट धरली होती. ‘ॲव्हरेज निम्मे झाले’ म्हणणाऱ्याने आधी टायरमधली हवा आणि एअर फिल्टर तपासून घ्यावा. पण जुन्या गाडीच्या मालकाला घट जाणवते, ही तक्रारही खोटी नाही.

आता फुप्फुसाकडे येऊ. कार्बन डायऑक्साइड पृथ्वी तापवतो. रस्त्यावरच्या माणसाला थेट आजारी पाडतात ते पीएम २.५ हे सूक्ष्म कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडे. हे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागापेक्षाही बारीक असतात. ते नाकात अडत नाहीत, श्वासकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तात उतरतात. म्हणून प्रदूषणाचे रुग्ण छातीच्या विभागात जसे दिसतात, तसे हृदयविकाराच्या अतिदक्षता विभागातही. जागतिक आरोग्य संघटनेची पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा २०२१ पासून घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, भारताची ४०. संघटनेच्याच कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले.

ॲव्हरेज चांगले आणि धूर वाईट, हे एकाच गाडीत कसे नांदते, याचे मोठे उदाहरण सप्टेंबर २०१५ मध्ये जगासमोर आले. चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरता धूर आवरणारे सॉफ्टवेअर फोक्सवॅगनच्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत निघाले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनुसार रस्त्यावर त्यांतून नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या ४० पटींपर्यंत बाहेर पडत होती. ॲव्हरेजवर खूश होऊन त्या गाड्या घेणाऱ्यांना याचा पत्ताही नव्हता.

भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि चित्र बरेच सुधारले. डिझेल मोटारीला कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली, नायट्रोजन ऑक्साइडांची २५० वरून ८० वर. एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरील चाचणीचीही जोड मिळाली. म्हणून जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारी बीएस-४ डिझेल गाडी ‘ॲव्हरेजला भारी’ म्हणून घेताना हा फरक डोळ्यांसमोर असावा. पीयूसी प्रमाणपत्र इथे फारसे उपयोगी पडत नाही. डिझेलच्या त्या तपासणीत धुराची दाटी पाहतात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजतच नाहीत.

नव्या डिझेल गाडीतही एक मेख आहे. कण अडवणारी तिची गाळणी साचलेली काजळी जाळून स्वतःला साफ करते. त्यासाठी सुमारे ६०० अंशांचे तापमान लागते आणि ते सलग वेगाने चालल्यावर मिळते. रोज घर ते कार्यालय सहा किलोमीटर रखडणाऱ्या गाडीत गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गॅरेजचा खर्च येतो. मग कुणीतरी ती काढून टाकण्याचा सल्ला देतो. तो मानला की बीएस-६ फक्त कागदावर उरते. महिन्याला दोन हजार किलोमीटर महामार्गावर जाणाऱ्याचा हिशेब वेगळा. शहरात फिरणाऱ्याने डिझेलच्या ॲव्हरेजला भुलू नये.

गर्दीतल्या वापराला हायब्रिड गाडी शोभते. सिग्नलला इंजिन बंद राहते आणि ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते. विजेच्या गाडीला सायलेन्सरच नाही, म्हणजे शाळेच्या फाटकापाशी उभ्या मुलांच्या नाकाशी धूर नाही. टायर आणि ब्रेक झिजून उडणारी धूळ मात्र उरते. विजेचा हिशेबही मांडावा लागतो. देशात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. १०० किलोमीटरला १५ युनिट लागली, तर किलोमीटरला १०५ ग्रॅम होतात. पेट्रोलच्या आकड्यात शुद्धीकरण कारखान्यातला धूर धरलेला नसतो, त्यामुळे विजेची बाजू वरचढच राहते. पण चंद्रपूर-कोराडीच्या चिमण्यांखाली राहणाऱ्यांचा श्वास या हिशेबातून वगळता येत नाही. छतावर सौर पॅनेल असेल, तर प्रश्न बराच हलका होतो.

खरेदीदाराने आधी आपला वापर लिहून काढावा : रोजचे अंतर, गर्दी, महामार्गाच्या फेऱ्या. मग त्याच शहरात तीच गाडी वापरणाऱ्या दोघा-तिघांना आकडा विचारावा. तो टाकी पूर्ण भरून, तीन-चारशे किलोमीटर चालवून, पुन्हा पूर्ण भरून काढलेला असावा, डॅशबोर्डवरचा नको. त्यावरून १०० किलोमीटरचे लिटर आणि रुपये काढावेत. नंतर इंधन कोणते आणि बीएसचा टप्पा कोणता, हे पाहावे.

गाडी कोणतीही घेतली, तरी एक गोष्ट सारखीच राहते. पेट्रोल गाडीतील धूर शुद्ध करणारे उपकरण तापल्याशिवाय काम करत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या काही मिनिटांतला धूर सर्वांत घाण असतो आणि त्याच मिनिटांत ॲव्हरेजही सर्वांत कमी पडते. कोपऱ्यावरच्या मंडईपर्यंतची एक किलोमीटरची फेरी जवळजवळ पूर्ण याच मिनिटांत संपते. त्या फेरीपुरती तरी किल्ली खुंटीला राहिली, तर पेट्रोल वाचते, रक्तातली साखर थोडी उतरते आणि गल्लीतल्या दम्याच्या आजोबांना श्वास घ्यायला थोडी बरी हवा मिळते.