मरा, नाहीतर बरे व्हा!

किशोरवयीनांसाठी लिहिलेल्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांत अपंग पात्राला दोनच वाटा मोकळ्या असतात. एक वैकुंठाला जाते, दुसरी चमत्काराकडे. तिसरी वाट, म्हणजे अपंग राहूनच जगायचं, प्रेम करायचं, लग्न करायचं, वीजबिलावरून भांडायचं, ती या लेखकांना ठाऊकच नाही. माझा मुक्काम नेमका त्याच वाटेवर आहे. पोलिओचा पाय, कॅलिपर, नवरा आणि वीजबिल, सगळं यथास्थित.

सुरुवात कुलदैवतापासून करू. जॉन ग्रीनची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ २०१२ साली आली आणि जगभरच्या पोरींनी उशा भिजवल्या. नायिका हेझलच्या फुप्फुसांत कॅन्सर पसरलेला, नायक ऑगस्टसचा पाय कॅन्सरने नेलेला. पोरगा राजबिंडा, ओठांत न पेटवलेली सिगारेट. का? तर म्हणे ते रूपक आहे! हेझलला तगवणारं औषध ग्रीनने स्वतःच्या डोक्यातून काढलंय. पुस्तकात तशी प्रांजळ कबुलीही दिलीय. रोग खरा, औषध काल्पनिक, मात्रा कथानकाला झेपेल तेवढी. ही मुलगी ऑक्सिजन सांभाळत ॲमस्टरडॅममधल्या ॲन फ्रँकच्या घराचे जिने धापा टाकत चढते, वर चुंबन घेते, आणि जमलेले पर्यटक टाळ्या वाजवतात. छळछावणीत मेलेल्या मुलीच्या घरात टाळ्या! औचित्यविचार मांडणाऱ्या क्षेमेंद्राने हे वाचलं असतं, तर काव्यशास्त्र सोडून किराणा दुकान टाकलं असतं.

पण माझी नजर आयझॅकवर. हा त्यांचा मित्र. कॅन्सरपायी उरलेला डोळाही काढावा लागणार, म्हणून त्याची मैत्रीण ऑपरेशनआधीच पोबारा करते. मग त्याच्या वाट्याला काय येतं? तिच्या गाडीवर अंडी फेकण्याचं सौख्य. आणि गंमत बघा, ऑगस्टस मरतो, आयझॅक जगतो. म्हणजे पुढची पन्नास वर्षं ज्याला आंधळेपणासकट काढायचीत, प्रेमाची खरी गरज ज्याला आहे, तो विनोदी मित्र! मरणाऱ्याला ॲमस्टरडॅम, जगणाऱ्याला अंडी. २०२० साली हीच कथा ‘दिल बेचारा’ होऊन जमशेदपूरला उतरली. नायिकेच्या ऑक्सिजन सिलिंडरचं पुष्पिंदर असं बारसं झालं, हिशोब मात्र तोच राहिला.

आता चमत्काराची वाट. निकोला यूनची ‘एव्हरीथिंग, एव्हरीथिंग’, २०१५. मॅडीला म्हणे रोगप्रतिकारशक्तीच नाही. जन्म काढला तो गाळलेल्या हवेच्या घरात. शेजारी देखणा मुलगा राहायला येतो. आता ही दोघं भेटणार कशी? वाचक हातपाय धुऊन, श्वास रोखून बसतो. आणि शेवटी कळतं काय, तर पोरीला तो आजार नाहीच! डॉक्टर आईनेच ते कुभांड रचलेलं. आजार गेला, आता प्रेम निर्वेध. वा! ज्या मुलांना खरोखर हा आजार असतो, त्यांनी आपापल्या आयांकडे चौकशी करावी, हा यातला संदेश समजायचा का?

मग ‘फाइव्ह फीट अपार्ट’. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांनी एकमेकांपासून सहा फूट लांब राहायचं, हा खरा नियम. एकाचे जंतू दुसऱ्याचा जीव घेऊ शकतात. नायिका रोगावर सूड म्हणून त्यातला एक फूट परत मिळवते आणि बिलियर्ड्सची काठी मधे धरून दोघं फिरतात. संसर्गशास्त्राशी प्रेमवीरांनी केलेली ही घासाघीस भाजीवालीने ऐकली, तर तीसुद्धा लाजेल.

आणि ‘मी बिफोर यू’. ही खरं तर प्रौढांची कादंबरी, पण पोरी ती अंथरुणात टॉर्च लावून वाचतात. नायक विल मानेखाली लुळा. घरचं गडगंज, शुश्रूषेला माणूस, सोयीची गाडी, प्रेम करायला हसरी लुइसा. इतकं असून हा स्वित्झर्लंडला जाऊन रीतसर इच्छामरण घेतो आणि तिला भरपूर पैसे ठेवतो. २०१६ च्या चित्रपटाची जाहिरात काय होती? ‘लिव्ह बोल्डली’, बिनधास्त जगा! कुणी? जो उरला त्याने. लंडनच्या प्रीमियरला अपंग कार्यकर्ते निदर्शनं करायला गेले ते उगाच नाही. एवढ्या ऐश्वर्यातही हे जगणं जगण्यालायक नसेल, तर महिना काही हजारांत भागवणाऱ्या आम्हा मंडळींनी काय, स्वित्झर्लंडच्या तिकिटासाठी वर्गणी काढायची?

ही साथ आली कुठून? प्रेमकथेला अडसर लागतो. पूर्वी तो घरातच मिळायचा: खानदान, धर्म, बापाची बंदूक. न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियातल्या पोरांना आता तसं अडवतो कोण? मग लेखक दवाखान्यात शिरतो आणि अडसर उचलून आणतो. काम झालं की अडसराची विल्हेवाट लावायची. मग माणूस त्यात गेला तरी बेहत्तर. तशी चमत्काराची वाट जुनीच: ‘हायडी’तली क्लारा १८८१ मध्ये चालू लागली, ‘द सीक्रेट गार्डन’मधला कॉलिन १९११ मध्ये. निदान त्या काळी शुद्ध हवेवर तरी भागायचं!

खऱ्या प्रणयात काय असतं, सांगू? कॅलिपर रात्री काढावा लागतो. पावसाळ्यात त्याच्या चामड्याच्या पट्ट्यांना कुबट वास येतो. मांडीवर बक्कल रुततं तिथे वळ उठतो, त्यावर नवरा घोरायच्या आधी पावडर लावतो, आणि लावताना म्हणतो, ‘‘पट्टा बदलून घे म्हणून कितीदा सांगायचं गं तुला?’’ यात शृंगार दिसत नसेल, तर लेखकमहाशय, अपंगत्व माझ्या पायात आहे आणि तुमच्या कल्पनाशक्तीत.

सगळेच असे नाहीत, हेही मान्य. २०१८ मध्ये मारीके नाइकॅम्पने ‘अनब्रोकन’ हा कथासंग्रह संपादित केला. अपंग किशोरांच्या तेरा कथा, लिहिणारेही अपंग. तिथे पोरं प्रेमात पडतात, चुकतात, चिडतात. बरं व्हायची घाई कुणाला नाही. म्हणजे हे जमतं! फक्त ज्यांना जमतं त्यांच्यावर हॉलिवूड पैसे लावत नाही.

तेव्हा प्रकाशकांनो, माझी अट साधी आहे. शेवटच्या पानावर दोघं जिवंत हवेत, व्यंग जागच्या जागी हवं, आणि भांडण रंगात आलेलं हवं. असलं खपत नाही म्हणता? मग पुस्तकावर ‘प्रेमकथा’ छापू नका. ‘श्रद्धांजली’ छापा, आणि किमतीत पेटीभर रुमाल धरा.