क्षमा करावी, साक्षही द्यावी

छळाला ख्रिस्ती माणसाने कसे सामोरे जावे, हा प्रश्न निघाला की बहुधा एकच उत्तर मिळते : क्षमा करावी आणि गप्प राहावे. या उत्तराचा पहिला भाग सुवार्तेतला आहे; दुसरा नाही. ओडिशातील कंधमाल जिल्ह्याचा इतिहास हा भेद स्पष्ट करतो.

२३ ऑगस्ट २००८ रोजी कंधमालमध्ये स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती व त्यांच्या चार सहकाऱ्यांची हत्या झाली. माओवाद्यांनी तिची जबाबदारी स्वीकारली, तरी रोष ख्रिस्ती समाजावर कोसळला. त्यानंतरच्या काही आठवड्यांत हजारो घरे जाळली गेली, प्रार्थनामंदिरे उद्ध्वस्त झाली आणि पन्नास हजारांहून अधिक लोक बेघर झाले. शासनाने ३९ मृत्यू नोंदवले. ख्रिस्ती संघटनांच्या मते ही संख्या शंभराच्या आसपास होती. गावी परतायचे तर धर्म सोडा, अशी अट अनेकांना घालण्यात आली. ती नाकारून कित्येकांनी जंगलात व छावण्यांत दिवस काढले. स्वामींच्या हत्येबद्दल २०१३ साली सात ख्रिस्ती ग्रामस्थांना जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी २०१९ अखेरपर्यंत ते जामिनावर सुटले.

कटक-भुवनेश्वरचे तत्कालीन आर्चबिशप राफाएल चिनाथ यांनी पीडितांसाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. २ ऑगस्ट २०१६ रोजी निकाल लागला. मृतांच्या वारसांना प्रत्येकी आणखी ३ लाख रुपये देण्याचा आदेश झाला. नोंदवलेल्या ८२७ गुन्ह्यांपैकी ३१५ प्रकरणे आरोपपत्राविना बंद झाली होती. त्यांचा फेरविचार करावा, असे न्यायालयाने बजावले. निकाली निघालेल्या ३६२ खटल्यांपैकी केवळ ७८ खटल्यांत शिक्षा झाली होती. या निकालानंतर बाराव्या दिवशी आर्चबिशप चिनाथ मुंबईत ख्रिस्तवासी झाले.

न्यायालयात जाणे हे क्षमेच्या विरोधात नाही काय? प्रभू येशूकडे पाहावे. प्रमुख याजकासमोर शिपायाने तोंडात मारली, तेव्हा प्रभूने उलट हात उगारला नाही. पण तो मूकही राहिला नाही. आपले बोलणे खोटे असेल तर तसे सिद्ध कर, खरे असेल तर मारतोस का, असा जाब त्याने विचारला. संत पौलानेही रोमन नागरिकाचा हक्क वापरून कैसराकडे दाद मागितली. क्षमा अंतःकरणातील सूड विझवते. झालेला अन्याय ती न्याय्य ठरवत नाही. अपराध्याला सत्याच्या समोर आणणे हेही त्याच्यावरील प्रेमच होय, कारण पश्चात्तापाची वाट सत्यातूनच जाते. हाच न्याय स्वामींच्या हत्येलाही लागू आहे. तिचा शोक आपण केला नाही, तर आपल्या शोकाला वजन राहत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये कंटेश्वर दिगाल व त्यांच्या ३४ सहकाऱ्यांना संतपद देण्याची प्रक्रिया सुरू करण्यास व्हॅटिकनने संमती दिली. आपण त्यांना रक्तसाक्षी म्हणतो. या शब्दात साक्ष आहे. श्रद्धेसाठी प्राण देणारा जसा साक्षी, तसाच धमक्यांना न डगमगता न्यायालयात खरे सांगणारा ग्रामस्थही साक्षीच.

अशा साक्षीदारांना एकटे पडू न देणे, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाला व वकिलाच्या खर्चाला हातभार लावणे, आणि मारेकऱ्यांसाठीही मिस्सामध्ये प्रार्थना करणे, हे आपल्या धर्मग्रामांना सहज शक्य आहे. यांतील एकही गोष्ट दुसरीची जागा घेऊ शकत नाही.