घामाचा पैसा आणि कायद्याची नजर

'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हण आपण उठताबसता वापरतो. परंतु अमेरिकेतील एका कायद्याविषयी वाचले आणि ती पुन्हा तपासावी असे वाटू लागले.

तेथे १९७० च्या कायद्यानुसार दहा हजार डॉलरहून अधिक रोख रकमेच्या व्यवहाराचा अहवाल बँकेला सरकारकडे पाठवावा लागतो. काळा पैसावाल्यांनी पळवाट शोधली. नऊ-नऊ हजार भरायचे, म्हणजे अहवालच नाही! म्हणून १९८६ साली, अहवाल चुकविण्यासाठी रकमेचे तुकडे पाडणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरला. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. पैसा घामाचा की पापाचा, हा प्रश्नच उरला नाही.

१९९४ च्या जानेवारीत रॅट्झलाफ खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, असे करणे बेकायदा आहे हे आरोपीला ठाऊक होते, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. त्याच वर्षी संसदेने कायदा बदलून ही अट काढून टाकली. आता अहवाल टाळण्याचा हेतू दिसला की पुरे.

कायद्याचे अज्ञान ही सबब नव्हे, असे कोणी म्हणेल. मान्य! पण चोरी वाईट हे मनच सांगते. स्वतःचेच पैसे थोडे थोडे भरणे वाईट, असे कोणाचे मन सांगणार? माझे वडील भाजी विकतात. सारा व्यवहार रोखीचा, आणि छापील फॉर्म दिसला की हात कापतो. अशा माणसाने कटकट नको म्हणून रक्कम विभागली, तर तो गुन्हेगार काय?

दुसरी बाजूही पाहू. माजी सभापती हॅस्टर्ट यांनी जुन्या लैंगिक अत्याचाराची वाच्यता टाळण्यासाठी तुकड्यातुकड्यांनी पैसे काढले. मूळ गुन्ह्याची मुदत टळली होती. २०१६ मध्ये पंधरा महिन्यांची कैद झाली ती याच कायद्याने. म्हणून कायदा हवाच. परंतु जन्मभर कायदे करणाऱ्याला कायदा ठाऊक नव्हता, असे कोण मानील? जुनी अट असती तरी ते सुटते ना.

२०१९ मध्ये तेथील करखात्यावर बंधन आले, की पैसा गैरमार्गाचा असल्याशिवाय किंवा दुसरा गुन्हा लपविण्यासाठी विभागला असल्याशिवाय केवळ तुकडे पाडले म्हणून तो जप्त करता येणार नाही. जे पैशाला लागू केले, ते माणसालाही लागू व्हावे. तोवर निदान बँकेच्या प्रत्येक खिडकीवर हा नियम साध्या भाषेत, ठळक अक्षरांत लिहिलेला असावा. शिक्षा देण्यापूर्वी सांगणे हे शासनाचे पहिले कर्तव्य आहे.