हंगाम मालकांचा, घाम खेळाडूंचा : ओव्हरवॉच लीगचा धडा

संगणकावर आणि मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या स्पर्धात्मक खेळांना, म्हणजेच ई-स्पोर्ट्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवसायाला, संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने मान्यता दिली आहे. पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहन, असे या कायद्याचे दुहेरी स्वरूप आहे. मात्र प्रोत्साहन नेमके कोणाला, हा प्रश्न उरतोच. या धंद्याच्या समर्थकांजवळ त्याचे उत्तर तयार आहे : मोठे भांडवल येऊ द्या, शहरांच्या नावाचे संघ धनिकांना विकत घेऊ द्या, ठराविक संघांची बंदिस्त लीग उभी राहू द्या, मग खेळाडूला पगारही मिळेल आणि स्थैर्यही. हे उत्तर नवे नाही. अमेरिकेत ते पूर्ण ताकदीनिशी अमलात आणले गेले आणि सहा हंगामांत त्याचा निकाल लागला. त्या प्रयोगाचे नाव ओव्हरवॉच लीग. २०१८ साली वाजतगाजत सुरू झालेली ही लीग २०२३ च्या अखेरीस गुंडाळली गेली. तिचा हंगाम कसा रचला होता आणि कोणाच्या सोयीने रचला होता, हे तपासल्यास ‘स्थैर्या’च्या या युक्तिवादाचे खरे स्वरूप उघडे पडते.

खेळच जेव्हा खाजगी मालमत्ता असतो

प्रथम एक मूलभूत फरक लक्षात घेतला पाहिजे. कबड्डीची लीग कोणी विकत घेऊ शकेल; कबड्डी विकत घेऊ शकणार नाही. गावच्या मैदानावर रेषा आखून कोणीही ती खेळू शकतो आणि त्यासाठी कोणाच्या परवान्याची गरज पडत नाही. ‘ओव्हरवॉच’ हा खेळ मात्र २०१६ साली ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीने विक्रीसाठी काढलेला माल होता. खेळाची मालक ती, नियम करणारी ती, लीगची मालक ती आणि प्रक्षेपणाचे हक्क विकणारीही तीच. कारखानदाराच्या हातात उत्पादनाची साधने असतात. येथे कंपनीच्या हातात खुद्द मैदानच होते, आणि ते हवे तेव्हा उचलून नेण्याची सत्ताही होती.

या सत्तेचा अर्थ खेळाडूंना लवकरच कळला. २०१९ च्या हंगामात, स्पर्धा मध्यावर असताना, संघातील सहा जणांनी कोणत्या भूमिका किती संख्येने घ्याव्यात याचे बंधन घालण्यात आले. २०२२ साली खेळाची नवी आवृत्ती आली आणि मैदानात उतरणारे खेळाडू सहावरून पाचावर आले. आघाडीवर राहून मारा झेलणाऱ्या भूमिकेच्या दोन जागांपैकी एक नाहीशी झाली. वर्षानुवर्षे त्या एका भूमिकेचे कौशल्य कमावलेल्या तरुणांच्या निम्म्या जागा कंपनीच्या विक्रीविषयक निर्णयाने गेल्या. यंत्र बदलले म्हणून माणूस कमी केला, हे गिरणी कामगाराला समजावून सांगावे लागत नाही.

बारा शहरे, एकच छप्पर

लीग येण्यापूर्वी दक्षिण कोरियात या खेळाची ‘एपेक्स’ ही स्पर्धा भरत होती. तिच्यात खालच्या श्रेणीतील संघ जिंकून वर येऊ शकत होता. लीगचा पडदा वर जाण्यापूर्वीच, २०१७ मध्ये, एपेक्स संपली. तिच्या जागी आलेल्या लीगमध्ये प्रवेशाचे साधन विजय नव्हे, पैसा हे होते. पहिल्या बारा जागांची किंमत प्रत्येकी २ कोटी डॉलर असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. गिऱ्हाइके कोण होती? बोस्टनचा संघ रॉबर्ट क्राफ्ट यांनी घेतला. अमेरिकन फुटबॉलमधील न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे मालक तेच. लॉस एंजेलिसच्या दोन संघांपैकी एक आर्सेनल या इंग्रज फुटबॉल क्लबच्या मालक क्रोएंके कुटुंबाकडे गेला आणि फिलाडेल्फियाचा कॉमकास्ट या दळणवळण क्षेत्रातील बलाढ्य कंपनीच्या शाखेकडे. जुन्या खेळांतील भांडवल नव्या कुरणात शिरले, एवढाच याचा अर्थ.

पहिला हंगाम १० जानेवारी २०१८ रोजी सुरू झाला. बारा संघांचे अटलांटिक आणि पॅसिफिक असे दोन गट होते. पाच-पाच आठवड्यांचे चार टप्पे, प्रत्येक टप्प्यात प्रत्येक संघाचे दहा सामने, म्हणजे हंगामात संघामागे चाळीस आणि एकूण २४० सामने. त्यानंतर सहा संघांची बाद फेरी आणि जुलैअखेर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये अंतिम सामना, असे वेळापत्रक होते. संघांची नावे लंडन, सोल, शांघाय, बोस्टन अशी जगभर पसरलेली. पण साखळीतील एकूण एक सामना खेळला गेला तो कॅलिफोर्नियातील बरबँक येथे, कंपनीच्या एकाच स्टुडिओत! विजेतेपद लंडनने मिळवले, आणि लंडनचे सारे खेळाडू दक्षिण कोरियाचे होते. कोरियन तरुणांनी दुसऱ्या देशात येऊन खेळण्यात गैर काहीच नाही. श्रमिकाला देशाची सीमा अडवू नये, हीच श्रमिक चळवळीची भूमिका आहे. प्रश्न आहे तो शहराच्या नावाचा. ते नाव तेथील जनतेच्या खेळातून उगवले नव्हते. उद्याची तिकिटे आणि परवा विकायचे सदरे यांच्यासाठी ते आजच बाजारात मांडलेले लेबल होते.

‘स्थैर्य’ कोणाचे?

बंदिस्त लीगचे समर्थक म्हणतात की, खालच्या श्रेणीत ढकलले जाण्याची भीती नसल्यामुळे संघ निर्धास्तपणे पैसा गुंतवतो आणि त्याचा लाभ खेळाडूला होतो. या दाव्याची कसोटी पहिल्याच हंगामाने घेतली. शांघाय ड्रॅगन्स या संघाने चाळीसपैकी चाळीस सामने गमावले. मालकाची जागा तरीही अबाधित राहिली. घराचा रस्ता दाखवला गेला तो खेळाडूंना. हंगामानंतर त्या संघाने आपल्या बहुतेक खेळाडूंना करारातून मोकळे केले. तोच संघ २०२१ साली विजेता झाला, पण वेगळ्या खेळाडूंच्या बळावर. पराभव माणसांच्या माथी आणि मालमत्ता मालकाच्या नावे, हे या स्थैर्याचे सूत्र होते.

खालच्या पायरीवरील तरुणांसाठी ‘कंटेंडर्स’ नावाची दुय्यम स्पर्धा होती. ती जिंकून कोणताही संघ वर जाऊ शकत नव्हता. वरच्या एखाद्या मालकाने उचलले तरच खेळाडूला वाट मिळे. अशा रचनेत दुय्यम स्पर्धा ही शिडी राहत नाही, ती मजूर अड्डा बनते.

पगाराचा तळ आणि पगाराचे छत

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. लीगने खेळाडूला वर्षाला किमान ५०,००० डॉलर पगार, आरोग्य विमा आणि हंगामात राहण्याची सोय जाहीर केली होती. त्यापूर्वी या व्यवसायात पगार थकवणाऱ्यांची आणि करारच न करणाऱ्यांची वाण नव्हती. तेव्हा ही सुधारणा क्षुल्लक नव्हती. परंतु हा तळ खेळाडूंनी वाटाघाटी करून मिळवला नव्हता, तो कंपनीने स्वतःच्या मर्जीने जाहीर केला होता. आणि ज्या हातांनी तळ घातला त्याच हातांनी छतही घातले.

त्या छताचे नाव होते ‘स्पर्धात्मक समतोल कर’. संघाने आपल्या खेळाडूंना मिळून द्यायचा पगार ठराविक मर्यादेपलीकडे गेला की, वरच्या प्रत्येक डॉलरमागे एक डॉलर दंड भरायचा आणि तो दंड मर्यादेत राहिलेल्या इतर मालकांमध्ये वाटायचा, अशी ती योजना होती. म्हणजे कामगाराला जास्त मजुरी देणाऱ्या मालकाला शिक्षा आणि कमी देणाऱ्याला बक्षीस! एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ओव्हरवॉच लीग आणि त्याच कंपनीची कॉल ऑफ ड्यूटी लीग या दोहोंतील हा नियम स्पर्धाविरोधी ठरवून कंपनीवर दावा दाखल केला. पुन्हा असे नियम करणार नाही, या बंधनावर प्रकरण मिटले. हा कर आपण प्रत्यक्षात कधी वसूल केला नाही आणि २०२१ मध्येच तो रद्द केला, हा कंपनीचा बचाव. पण पगाराची बोलणी होताना हा दंड मालकाच्या डोळ्यांसमोर होताच. चाबूक भिंतीवर टांगलेला दिसला तरी काम भागते. शिवाय २०२१ मध्ये नियम मागे घेतला गेला तो न्याय विभागाची चौकशी सुरू झाल्यानंतर.

अमेरिकेतील बास्केटबॉल आणि फुटबॉलमध्येही पगारावर मर्यादा आहेतच, असे यावर सांगितले जाते. खरे आहे, पण तेथे त्या खेळाडूंच्या संघटनांशी सामुदायिक सौदा करून ठरतात आणि त्या बदल्यात संघटना उत्पन्नातील वाटा पदरात पाडून घेतात. ओव्हरवॉच लीगच्या सहाही वर्षांत खेळाडूंची संघटना अस्तित्वातच आली नाही. ज्यांच्या पगारावर मर्यादा घातली, त्यांना विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

रोगाचे खापर साथीवर

लीग बुडाली ती कोविडमुळे, हा समर्थकांचा शेवटचा आश्रय. २०१९ साली संघ वीस झाले होते. २०२० मध्ये प्रत्येक संघाच्या शहरात सामने भरवण्याची योजना होती आणि मार्चमध्ये साथीने ती उधळली, यात शंका नाही. पण साथ ओसरल्यावरही लीग उठून उभी राहिली नाही. जानेवारी २०२३ मध्ये चिनी भागीदार कंपनीशी असलेला करार संपताच ब्लिझर्डचे खेळ चीनच्या मुख्य भूमीवर बंद पडले आणि चेंगडूचा संघ स्पर्धेबाहेर गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने भागधारकांना कळवले की, संघमालकांनी नवा करार नाकारल्यास प्रत्येक संघाला ६० लाख डॉलर, म्हणजे एकूण सुमारे ११ कोटी ४० लाख डॉलर देऊन लीग संपुष्टात आणली जाईल. आणि तिचे उत्पन्न कंपनीच्या एकूण उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. ऑक्टोबरच्या आरंभी टोरांटोत फ्लोरिडा मेहेम विजेते ठरले, त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने संपूर्ण ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड गिळंकृत केली आणि नोव्हेंबरमध्ये लीग बंद होत असल्याचे जाहीर झाले. मालकांच्या हानीची तरतूद करारातच होती. खेळाडू त्या कराराचे पक्षकारच नव्हते. ज्यांच्या बोटांच्या वेगावर हा सारा डोलारा उभा होता, त्यांचे सारे आयुष्य कंपनीच्या हिशेबात एका टक्क्याच्या आत बसत होते.

दुसरी वाट

मग खेळाडूंना काहीच करता येत नाही काय? त्याच २०२३ सालच्या मे महिन्यात याचे वेगळे उत्तर मिळाले. रायट गेम्स या कंपनीच्या उत्तर अमेरिकेतील ‘लीग ऑफ लेजंड्स’ स्पर्धेत प्रत्येक मालकाने दुय्यम संघ ठेवण्याची सक्ती होती. कंपनीने ती उठवताच दहापैकी सात मालकांनी दुय्यम संघ मोडून टाकले. खेळाडूंच्या संघटनेने मतदान घेऊन काम बंद केले आणि १ जूनला सुरू होणारा हंगाम दोन आठवडे लांबला. हा हंगामच रद्द करू, अशी धमकी कंपनीने दिली. बढती-अवनतीची पद्धत पुन्हा आणावी, ही खेळाडूंची प्रमुख मागणी मान्य झाली नाही. तडजोड मर्यादितच होती. पण लक्षणीय गोष्ट ही की, वरच्या श्रेणीतील सुरक्षित, पगारदार खेळाडू खालच्या श्रेणीतील सहकाऱ्यांच्या नोकऱ्यांसाठी उभे राहिले. ही संघटना मुळात २०१७ साली रायटच्याच पैशावर सुरू झाली होती. मालकाने शोभेसाठी ठेवलेले हत्यारही कामगारांच्या हाती आले की चालते, हे या लढ्याने दाखवले.

भारतातील प्रश्न याहून निराळा नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या आदेशाने ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा खेळ बाजारातून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. मधल्या सुमारे दहा महिन्यांत त्यावर उपजीविका असलेल्या तरुणांचे काय, हे ना त्या कोरियन कंपनीने ठरवले ना सरकारने. नागपूर, सोलापूर, इंदूर, हैदराबाद येथील वस्त्यांतून रात्र रात्र सराव करणारी मुले मजा म्हणून खेळतात, असे म्हणून हा प्रश्न उडवून लावता येणार नाही. जेथे करार आहे, वेळापत्रक आहे, मालक आहे आणि नफा आहे, तेथे श्रम आहेच आणि श्रमाचे हक्कही आहेत.

म्हणूनच कायद्याच्या अंमलबजावणीत मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत : प्रत्येक खेळाडूला लेखी करार, किमान वेतन, संघटनेचा हक्क, पगार दाबणाऱ्या मालकांच्या आपसांतील समझोत्यांवर बंदी, खेळ वा लीग बंद पडल्यास मालकाआधी खेळाडूला भरपाई आणि जिंकून वर येण्याची खुली वाट. युवक आणि कामगार आघाडीवरील साथींनी या तरुणांपर्यंत पोहोचले पाहिजे. हंगामाचे वेळापत्रक कोणाच्या टेबलावर ठरते, हा प्रश्न त्यांनी स्वतः विचारायला सुरुवात केली की, पुढची संघटना बांधण्याचे काम सुरू झालेच म्हणून समजावे.