पत्रांतील आनंदीबाई आणि कादंबरीतील आनंदी

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याविषयी सर्वसाधारण मराठी वाचकाला जे ठाऊक असते, त्यातील बराचसा भाग श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीतून, तिच्यावर बेतलेल्या राम जोगळेकरांच्या नाटकातून किंवा २०१९ साली आलेल्या समीर विद्वांस यांच्या चित्रपटातून आलेला असतो. यात खेद मानण्यासारखे काही नाही. लोकांपर्यंत पोचणे हे कादंबरीचे आणि चित्रपटाचे कामच आहे. खेदाची गोष्ट ही की मराठीचे विद्यार्थीही, आणि अनेकदा त्यांना शिकवणारेही, याच वाचनावर थांबतात. प्रबंधिकेत, चर्चासत्रातील निबंधात, महिला दिनाच्या व्याख्यानात कादंबरीतील प्रसंग 'आनंदीबाईंच्या आयुष्यातील प्रसंग' म्हणून सांगितले जातात आणि त्यावर कोणी आक्षेप घेत नाही. एरवी कादंबरी आणि चरित्र या वाङ्मयप्रकारांतील भेद परीक्षेत दहा गुणांसाठी विचारणारे आपण, हा भेद प्रत्यक्षात पाळायची वेळ येते तेव्हा मात्र गप्प बसतो. प्रस्तुत लेखाचा रोख या गप्प बसण्यावर आहे.

हा प्रश्न ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात शिकवणाऱ्यांना अधिक टोचायला हवा. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना ही कल्याणच्या जोशी घराण्यातली मुलगी. तिच्या जन्माच्या अकरा वर्षे आधी, १८५४ साली, कल्याणला रेल्वे पोचली होती. एक वर्ष आधी, १८६४ साली, कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना झाली होती. म्हणजे अमेरिकेला जाऊन वैद्यकीय पदवी मिळवणारी ही स्त्री आपल्या गावची, आपल्या अर्थाने पूर्वज आहे. तिचे नाव आपण अभिमानाने घेतो. तिचे लेखन मात्र वाचत नाही.

पूर्वज स्त्रीचा शोध घेणे आपल्याकडे मुळातच कठीण असते. विसाव्या शतकात घराण्याघराण्यांचे जे कुलवृत्तांत निघाले ते उघडून पाहावेत. पुरुषांच्या पिढ्या ओळीने उतरत जातात; स्त्री येते ती कोणाची तरी पत्नी म्हणून, जमल्यास माहेरच्या नावासह, आणि मुलींची नोंद 'अमक्यास दिली' येथे संपते. नाव बदलते, आडनाव बदलते आणि माग हरवतो. आनंदीबाईंच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे आडनाव योगायोगाने एकच होते. तरी यमुनेची आनंदी झालीच, आणि अमेरिकेतील कागदपत्रांत ती 'आनंदाबाई' अशा उच्चाराने, 'जोशी'च्या शेवटी दोन 'ई' घेऊन उभी राहिली. या तिन्ही नावांखाली शोधले तरच एका बाईचा माग लागतो. एवढे असूनही त्यांच्याबाबत एक गोष्ट दुर्मीळ आणि भाग्याची आहे : त्यांनी स्वतः लिहिले, आणि त्यातले बरेच टिकले.

काय टिकले आहे ते पाहू. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी एका मिशनरी नियतकालिकात गोपाळरावांचे पत्र वाचले आणि १८८० साली या अनोळखी दांपत्याशी पत्रव्यवहार सुरू केला. त्या पत्रांतून मावशी-भाचीचे नाते जुळले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेस का जात आहोत यावर इंग्रजीत जाहीर भाषण केले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, ही त्यांची प्रतिज्ञा त्या भाषणातली. ७ एप्रिलला त्यांनी कलकत्ता सोडले आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली तेव्हा समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. त्या महाविद्यालयाची कागदपत्रे आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहात जतन केलेली आहेत. परतल्यावर कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्या घेणार होत्या. ती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे गेली आणि न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सीच्या दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत विसावली.

चरित्रांचाही दुष्काळ नाही. कॅरोलाइन हीली डॉल यांचे इंग्रजी चरित्र मृत्यूच्या पुढच्याच वर्षी, १८८८ साली, बोस्टनहून निघाले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिले आणि त्यात पत्रांना जागा दिली. एका मराठी स्त्रीने दुसरीचे आयुष्य तिच्याच पत्रांच्या आधारे मांडावे, ही त्या काळातली असामान्य घटना होती. अंजली कीर्तने यांचा 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' हा ग्रंथ १९९७ चा. मीरा कोसंबी यांनी आनंदीबाईंच्या पत्रांवर दीर्घकाळ काम केले; त्यांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. इतकी सामग्री हाताशी असताना वर्गात संदर्भ दिला जातो तो कादंबरीचा.

यावर पहिला बचाव ठरलेला आहे. श्री. जं.नी कादंबरी अभ्यासपूर्वक लिहिली आहे, ती वास्तवाला धरून आहे, मग बिघडले कोठे? कादंबरीचे श्रेय नाकारण्याचा येथे हेतू नाही. १९६०च्या दशकात तिने आनंदीबाईंना घराघरांत पोचवले, हे खरेच आहे. बिघडते ते वेगळ्या ठिकाणी. कादंबरीला एक सूत्र लागते आणि येथे ते शीर्षकातच आहे. आनंदी आणि गोपाळ या दोन नावांचा तो जोड आहे; त्यात गोपाळरावांचा हट्ट हे इंजिन आहे आणि आनंदीचे शिक्षण ही गाडी. नऊ वर्षांच्या मुलीशी लग्न करणारा, तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठा, शिक्षणासाठी तिला मारणारा हा विक्षिप्त माणूस कथेला विलक्षण शोभतो. कादंबरी मारहाण लपवत नाही. पण कथेच्या ओघात ती मारहाण शेवटच्या पदवीच्या खात्यावर जमा होते. वाचक हळहळतो आणि मनात म्हणतो, त्याशिवाय का ती डॉक्टर झाली?

आता आनंदीबाईंचे स्वतःचे पत्र घ्यावे. अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी हाच हिशेब मांडला आहे. आपल्याला मिळालेली वागणूक चांगली की वाईट हे ठरवणे अवघड आहे, असे त्या लिहितात. अंतिम हेतू पाहिला तर ती योग्य वाटते. परंतु लहान मुलीच्या मनावर होऊ शकणारे परिणाम पाहिले तर ती चूक होती हे न्यायाने कबूल करावे लागते. मग लाकडाच्या तुकड्यांनी मारणे, खुर्च्या आणि पुस्तके फेकणे, सोडून जाण्याची धमकी देणे, हे सारे त्या कोणत्या वयात काय घडले त्या क्रमाने नोंदवतात. हिंदू स्त्रीला बोलण्याचा अधिकार नसल्याने ते निमूट सोसावे लागले, हेही सांगतात. नवऱ्याविषयीची कृतज्ञता त्यांनी सोडलेली नाही, आणि त्याच्या वर्तनाला माफीही दिलेली नाही. साध्य आणि साधन यांची अशी फारकत त्या विद्यार्थिनीने नवऱ्याला उद्देशून, लेखी केली. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्यात विवाहसंस्थेची इतकी संयत आणि इतकी निर्भय उलटतपासणी फार थोड्या ठिकाणी सापडेल. असे असताना आपण विद्यार्थ्यापुढे ठेवतो तो पुरुष कादंबरीकाराने ऐंशीएक वर्षांनी काढलेला निष्कर्ष; आणि जिने ते भोगले तिचा निष्कर्ष तळटीपेतही येत नाही.

दुसरे उदाहरण प्रबंधाचे. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. पुढे त्यांनी प्रसूतिशास्त्रावर लिहिले. या दोन टोकांना एका रेषेने जोडले की सुंदर कथानक तयार होते, आणि ते सर्वत्र तयार झालेले आहे. रेषा खोटीच आहे असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु श्रीरामपूरच्या भाषणात त्यांनी दिलेले कारण सार्वजनिक आहे : देशात हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज आहे आणि ती भागवायला कोणीतरी गेले पाहिजे. स्त्रीने काही केले की त्यामागे खासगी दुःखच असले पाहिजे, ही आपली सवय. पुरुषाच्या बाबतीत आपण निःशंकपणे 'देशकार्य' म्हणतो. मूळ भाषण वाचले तर निदान हा पक्षपात लक्षात येतो.

मूळ लेखन वाचण्याचा धोकाही आहे, आणि तो पत्करायला हवा. अमेरिकेत हिंदू चालीरीतींवर टीका झाली की आनंदीबाई त्यांची बाजू घेत. बालविवाहाचेही त्यांनी समर्थन केले. ज्या प्रथेने त्यांना पोळले तिचे हे समर्थन आजच्या स्त्रीवादी वाचनाला अडचणीचे आहे आणि आजच्या धर्माभिमानी वाचनाला फार सोयीचे. परकीयांसमोर मान खाली घालणार नाही हा हट्ट आणि नवऱ्यापुढे सत्य लपवणार नाही हा हट्ट एकाच व्यक्तीचे आहेत. हा ताण पुतळ्यात मावत नाही. विद्यार्थ्याला तो समजावून सांगणे कठीण आहे. म्हणूनच त्यासाठी अध्यापक लागतो.

अमेरिकेतील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. लॉरा इंगल्स वाइल्डर ही लेखिका १८६७ सालची, म्हणजे आनंदीबाईंच्या पिढीचीच. आनंदीबाई फिलाडेल्फियात शरीरशास्त्र शिकत होत्या तेव्हा ती पश्चिमेकडील डकोटा प्रदेशात, नव्याने वसणाऱ्या वस्तीत संसार मांडत होती. १९३२ पासून तिने आपल्या बालपणावर कादंबऱ्या लिहिल्या आणि पश्चिमेकडे जाऊन वस्ती करणारी कष्टाळू स्त्री कशी होती याचे चित्र अमेरिकेने त्या पुस्तकांवरून आणि पुढे दूरचित्रवाणी मालिकेवरून ठरवले. तिचे मूळ आत्मकथन 'पायोनियर गर्ल' हस्तलिखितातच राहिले होते. २०१४ साली साउथ डकोटाच्या इतिहास संस्थेने ते सविस्तर टीपांसह छापले. बाळपणीच गेलेला धाकटा भाऊ आणि आयोवातील हलाखीचे दिवस कादंबऱ्यांतून वगळले होते, ते वाचकांसमोर आले. कुटुंब कॅन्ससमध्ये राहिले ती जमीन ओसेज लोकांची होती, याचीही चर्चा नव्याने झाली. कादंबऱ्या कोणी जाळल्या नाहीत. त्या वाचल्या जातातच. पण कादंबरी आणि आयुष्य ही दोन पुस्तके शेजारी ठेवण्याची सोय झाली. ही सोय आपल्याकडे का नाही?

दुसरा बचाव भाषेचा आहे. आनंदीबाईंची पुष्कळ पत्रे इंग्रजीत आहेत. मराठी विभागाचा त्यांच्याशी काय संबंध? हा युक्तिवाद आळसाचा आहे. नवऱ्याला मराठीत आणि मावशीला इंग्रजीत लिहिणारी एकच बाई होती. कोणत्या भाषेत ती काय बोलली आणि काय गिळले, हा तर वाङ्मयाच्या विद्यार्थ्याचा खास प्रश्न आहे. पत्र हा वाङ्मयप्रकार आपण शिकवतो. मग त्याचे इतके समर्थ उदाहरण इतिहासाच्या किंवा स्त्री-अभ्यासाच्या विभागाकडे ढकलून मोकळे होण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तिसरी अडचण आपल्या 'पहिलेपणा'च्या वेडाची. पहिली स्त्री-डॉक्टर कोण यावर आपण हमरीतुमरीवर येतो. त्याच १८८६ साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या आणि त्यांनी दीर्घकाळ व्यवसाय केला; आपल्याच प्रांतातल्या रखमाबाईंनी सुरत-राजकोटला वर्षानुवर्षे रुग्णसेवा केली. पकीप्सीचा दगडसुद्धा आनंदीबाईंना शिक्षणासाठी देश सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री म्हणतो. पहिलेपणाचा शिक्का एकदा बसला की पुढे काही वाचायचे उरत नाही. शुक्रावरील विवराला त्यांचे नाव आहे हे विद्यार्थ्याला पाठ असते. त्यांच्या एका पत्राचा मजकूर सांगता येत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. आनंदीबाईंची सर्व उपलब्ध पत्रे, श्रीरामपूरचे भाषण आणि प्रबंध यांची कालक्रमाने लावलेली, मराठी मूळ व इंग्रजीचा अनुवाद असलेली, सटीप आवृत्ती मराठीत हवी. १८९३ पासून चालत आलेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि या पट्ट्यातील मराठी विभाग एकत्र आले तर हे काम त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. ठाण्याने २०१० साली आणि डोंबिवलीने २०१७ साली अखिल भारतीय साहित्य संमेलन भरवले. चार दिवसांच्या मांडवाला पुरलेले बळ एका ग्रंथाला पुरू नये? आणि जेथे 'आनंदी गोपाळ' शिकवली जाते तेथे त्या पत्राची दोन पाने तिच्या शेजारी लावावीत.

यातून आनंदीबाईंपेक्षाही अधिक काही साधेल. ज्या विद्यार्थिनीला कादंबरी आणि कागद यांतला फरक कळेल, ती घरी जाऊन पणजीचे माहेरचे नाव विचारील; जुन्या ट्रंकेतली पोस्टकार्डे, हिशेबाची वही, शाळा सोडल्याचा दाखला रद्दीत जाण्याआधी बाजूला काढील. बहुतेक पणज्यांनी पत्रे लिहिली नाहीत, लिहिली त्यांची टिकली नाहीत. जिची टिकली तिचीच आपण वाचणार नसू, तर बाकीच्यांच्या मौनाबद्दल हळहळण्याचे नाटक तरी कशासाठी करायचे?